भरल्या ताटावरून उठवू नका!

मुलांनो, या हिवाळ्यात आम्ही सारे, म्हणजे मुले, पालक आणि शिक्षक, उम्म अल क्वैनजवळच्या खोर अल बैदा येथे पक्षी पाहायला गेलो होतो. अरबीत 'खोर' म्हणजे खाडी. मराठीतले 'खोरे' मात्र नदीचे असते. दोन्हींची गल्लत करू नका!

पोचलो तेव्हा ओहोटी होती. दूर चिखलात पांढऱ्या-काळ्या पक्ष्यांचा थवा दिसला आणि आम्ही धावत सुटलो. थवा भुर्रकन उडाला. आमच्या वाट्याला उरले ते चिखलाने माखलेले बूट! चूक फक्त मुलांची नव्हती. कॅमेरे घेतलेले बाबालोक सर्वांत पुढे होते.

ओहोटी ही या पक्ष्यांची जेवणाची वेळ. पाणी ओसरले की चिखलातले खेकडे सापडतात. भरती आली की जेवण बंद. म्हणजे आम्ही त्यांना भरल्या ताटावरून उठवले होते. मग आम्ही सूर्य पाठीशी घेऊन वाळूवर गप्प बसलो. भरतीचे पाणी चढू लागले, कोरडी जागा कमी झाली आणि पक्षी आपणहून किनाऱ्याकडे सरकले.

पक्षी ओळखताना तीन प्रश्न विचारा: चोच कशी? पाय कसे? खातो कसा?

रोहित (फ्लेमिंगो): चोच वाकडी, पाय लांब गुलाबी. डोके उलटे करून पाणी गाळतो. दुबईत रास अल खोरला हमखास दिसतो.

समुद्रबगळा: चोच भाल्यासारखी, पावले पिवळसर. काही बगळे राखाडी तर काही पांढरेशुभ्र असतात, पण जात एकच!

खेकडेखाऊ: हे आम्ही वर्गापुरते ठेवलेले नाव. चोच काळी आणि जाडजूड, पाय लांब निळसर-राखाडी, अंग पांढरे, पाठ काळी. दबकत चालतो आणि झडप घालून खेकडा पकडतो.

हा खेकडेखाऊ मोठा विलक्षण. त्याच्या कुळात ही एकच जात आहे. चिखलात वावरणारे इतर पक्षी सहसा उघड्यावर ठिपकेदार अंडी घालतात. हा मात्र वाळूत लांब बीळ खणतो आणि आत बहुधा एकच पांढरे अंडे घालतो. तापलेल्या वाळूची ऊब अंडे उबवायला मदत करते. पिल्लू बिळातच राहते आणि आईबाबा त्याला खेकडे आणून भरवतात. वरून कोणी चालले तर बीळ ढासळू शकते. म्हणून अशा बेटांवर पाय न ठेवणेच बरे.

अबू धाबीच्या काही बेटांवर तो उन्हाळ्यात वीण करतो. म्हणजे आपण सुट्टीत आजी-आजोबांकडे जातो, तेव्हा त्याच्या घरी बाळ असते! हिवाळ्यात ही जात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही दिसते, कच्छच्या आखातात बरीच, महाराष्ट्रात क्वचित. पुढच्या वेळी कोकणात गेलात तर ओहोटीला जरूर लक्ष ठेवा.

स्वाध्याय
१. 'भरल्या ताटावरून उठवणे' हा वाक्प्रचार वापरून दोन वाक्ये लिहा.
२. भरती-ओहोटी, चढणे-ओसरणे अशा विरुद्धार्थी शब्दांच्या आणखी पाच जोड्या लिहा.
३. बाबांनी धावायचे का थांबावे, हे त्यांना मराठीत समजावून सांगा!