काटा आणि तंबू

वाचनासाठी शास्त्रभाग : २ करिंथ १२:७-१०



भाषांतराचा मसुदा तपासण्यासाठी आम्ही तो मंडळीत वाचून दाखवितो. एकदा हा भाग वाचताना 'अशक्तपणा' शब्द येताच एका वृद्ध भगिनीने विचारले, "म्हणजे पौल अंथरुणाला खिळला होता का?" सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन ग्रीक शब्द पुन्हा पाहिला. 'अस्थेनेइया' म्हणजे दुर्बलता, तसेच आजारपणही. शरीराच्या अशाच दुखण्यामुळे आपण प्रथम तुम्हांला सुवार्ता सांगितली, असे पौल गलतीकरांस लिहितो (४:१३). बाईंचे चुकले नव्हते. आम्हीच त्या शब्दाला 'आध्यात्मिक' करून त्याचे दुखणे काढून घेतले होते.

करिंथ ही इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने पुन्हा वसविलेली रोमी वसाहत. मोठेपणाची हौस असलेले नगर. पौलाची पत्रे वजनदार, प्रत्यक्षात मात्र तो दुबळा, असे तेथे म्हटले जाई (१०:१०). अशा लोकांपुढे शहाणा मनुष्य आपले दुखणे झाकील. पौल ते उघड करितो.

काटा कोणता? डोळ्यांचा विकार, हिवताप, विरोधक असे तर्क पुष्कळ झाले. त्याने सांगितले नाही. आपणही सोडून देऊ. तीनदा विनविले तरी काटा निघाला नाही, हे मात्र तो लपवीत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून "विश्वास कमी पडला" असे म्हणणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. पौलाला तसे कोण म्हणेल?

प्रभूच्या उत्तराचे क्रियापद पाहा : 'त्याने मला म्हटले आहे.' बोलणे पूर्वीच झाले, पण ते अजून टिकून आहे, असे हे ग्रीक रूप सुचविते. काटा आहे आणि शब्दही आहे. आसियात जगण्याची आशा सुटली, तेव्हाच मेलेल्यांना उठविणाऱ्या देवावर भरवसा ठेवण्यास तो शिकला (१:८-१०).

ख्रिस्ताचे सामर्थ्य आपल्यावर राहावे, असे म्हणताना त्याने वापरलेल्या क्रियापदात 'तंबू' हा शब्द दडलेला आहे. शब्द देहधारी झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली (योहान १:१४), तेथेही मूळ तेच. याच करिंथात पौल तंबू करून पोट भरीत असे (प्रे. कृ. १८:३). उघड्यावर पडलेल्या मनुष्यावरच तंबू उभारावा लागतो, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते.

मसुद्यात आम्ही 'अशक्तपणा' हाच शब्द ठेवला.