बाळाची नजर कुठे रमते?

दीड वर्षाचं मूल हाक मारली तर वळत नाही, हवं ते बोटाने दाखवत नाही, हे बहुतेक वेळा आधी आईच्या लक्षात येतं. आणि आधी तिलाच गप्प बसवलं जातं. “मुलगे उशिराच बोलतात.” “याचा बाबा तरी कुठे लवकर बोलला होता!” आई-बाबांनो, मनात अशी शंका असेल तर ती दाबून ठेवू नका.

डोळ्यांची हालचाल टिपून ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ओळखणारं यंत्र निघालंय म्हणे, ती तपासणी करून घ्यावी का, असं आता पालक विचारू लागले आहेत. त्या तपासणीत भिण्यासारखं काही नाही. मूल छोट्या चित्रफिती बघतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याच्या डोळ्यांवर पडतो, कॅमेरा त्याचं प्रतिबिंब टिपतो आणि कोणत्या क्षणी नजर कुठे होती, याची नोंद होत जाते. माणसाच्या डोळ्यांवर, ओठांवर, की मागच्या एखाद्या वस्तूवर?

अमेरिकेत अटलांटाच्या मार्कस ऑटिझम सेंटरमधले वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी या पद्धतीने तान्ह्या बाळांचा अभ्यास करून २०१३ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्यांना पुढे स्वमग्नतेचं निदान झालं, ती बाळंही दोन महिन्यांची असताना पडद्यावरच्या बाईच्या डोळ्यांकडे बघत होती. सहाव्या महिन्यापर्यंत ते बघणं हळूहळू ओसरत गेलं. अभ्यासातली बाळं थोडी होती, पण मला तो फार मोलाचा वाटतो. हा फरक इतका बारीक होता, की तो टिपायला यंत्र लागलं. नुसत्या डोळ्यांना तो दिसला नसता. “आपल्याला आधी कसं कळलं नाही?” म्हणून रात्र रात्र जागणाऱ्या आईला मला हेच सांगायचं आहे. तुमच्या मायेत काही कमी पडलं नव्हतं. स्वमग्नतेची मुळं मेंदूच्या जडणघडणीत असतात, संगोपनात नसतात.

आता यंत्राच्या भरवशाबद्दल. याच संशोधनातून तयार झालेल्या ‘अर्लिपॉइंट’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी मान्यता दिली, तीही तज्ज्ञाच्या मदतीला म्हणून. पुढच्याच वर्षी सहा केंद्रांमधल्या ४७५ मुलांचा अभ्यास ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तज्ज्ञांनी स्वमग्न ठरवलेल्या मुलांपैकी ७१ टक्के यंत्राने ओळखली. म्हणजे शंभरातली २९ निसटली. ज्यांना स्वमग्नता नव्हती, त्यांच्यातही शंभरात सुमारे १९ जणांना ती असल्याचं यंत्राने सांगितलं. आणि ही मुलं तज्ज्ञांच्या दवाखान्यात आलेली होती; सरसकट सगळ्या मुलांना हे आकडे लावता येत नाहीत. म्हणून अशा तपासणीचा कागद हाती आला, तर त्यावर ना रडत बसा, ना सुटकेचा निःश्वास टाका. पूर्ण तपासणी विकासात्मक बालरोगतज्ज्ञाकडूनच करून घ्या.

आपल्या देशातलं एक काम मला जास्त आशेचं वाटतं. गोव्याची ‘संगाथ’ ही संस्था आणि परदेशी संशोधक यांनी मिळून स्वमग्नतेची प्राथमिक चाळणी करणारं ‘स्टार्ट’ नावाचं साधन टॅबलेटवर तयार केलं. तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दिल्लीत मुलांच्या घरी जाऊन ते वापरून पाहिलं. तज्ज्ञ मोजके आणि तेही शहरात, अशी आपली स्थिती. अशा वेळी पहिली चाळणी घराच्या उंबऱ्याशी येणं फार मोठी गोष्ट आहे.

पण असं साधन तुमच्या दारी येईपर्यंत वाट बघत बसू नका. सोळाव्या महिन्यापासून वापरता येणारी ‘एम-चॅट’ ही वीस प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे. बालरोगतज्ज्ञांकडे तिच्याबद्दल विचारा. बोलणं लांबलं असेल तर कान आधी तपासून घ्या. पुढच्या तपासणीसाठी सरकारी सोयही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्याखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. जवळचं कुठे आहे, हे जिल्हा रुग्णालयात किंवा अंगणवाडीत कळेल. निदान पक्कं व्हायला महिने लागले, तरी वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणं त्याआधी सुरू करता येतं.

आणखी एक, अगदी कळकळीने. हे सगळं वाचून कुणी मुलाची हनुवटी धरून “माझ्याकडे बघ, बघ!” असं करू नका. कितीतरी स्वमग्न मोठी माणसं सांगतात, की डोळ्याला डोळा देणं त्यांना जड जातं, कधी नकोसं होतं. डोळे बळेच आपल्याकडे वळवले, म्हणून मूल आपल्याकडे वळलं, असं होत नाही. मूल गाडीच्या चाकाकडे बघत असेल, तर तुम्ही त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, चाक फिरवा, “गोल गोल” म्हणा, थांबा आणि त्याच्या पाळीची वाट बघा.

डॉक्टरांकडे जाताना घरच्या खेळाचे, जेवणाचे, हाक मारल्याचे दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. नव्या खोलीत, नव्या माणसांपुढे मूल घरच्यासारखं वागत नाही.