विद्यार्थ्यांची पाहणी आणि वर्गशिक्षक

काही वर्षांपूर्वी मी सहावीचा वर्गशिक्षक असताना एका संस्थेचे दोन पाहणीदार शाळेत आले. मुख्याध्यापकांची परवानगी त्यांनी आधीच मिळविली होती. त्यांनी प्रश्नावल्या माझ्या हाती दिल्या. मी त्या नेहमीप्रमाणे रांगेने वाटल्या आणि ‘गप्प बसून लिहा’ असे सांगून फळ्याशेजारी उभा राहिलो. घरात माणसे किती, पाणी कोठून आणता, असे प्रश्न संपल्यावर पुढे ‘गेल्या महिन्यात तुला घरी किंवा शाळेत मार बसला काय?’ असा एक प्रश्न होता. मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, ‘गुरुजी, खरं लिहायचं की बरोबर?’ मुले हसली. मीही हसलो आणि म्हणालो, ‘बरोबर लिही.’

त्या मुलाच्या विचारण्यात केवढे शहाणपण होते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. गुरुजींनी वर्गात दिलेला कागद म्हणजे परीक्षेचा कागद, अशी मुलाची समजूत असते. आणि परीक्षेत ‘मला हे लिहावयाचे नाही’ असे म्हणण्याची सोय नसते. शिवाय ज्या शाळेतील माराविषयी विचारणा होत होती, त्याच शाळेचा शिक्षक समोर उभा होता. अशी उत्तरे शास्त्रदृष्ट्याही फारशी उपयोगाची नसतात. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तुम्हांला उत्तरे द्यावयाची आहेत काय, असे त्या मुलांना कोणी विचारलेच नव्हते.

यावरून पाहण्या नकोतच, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. २००५ पासून चालू झालेल्या ‘असर’ या पाहणीत कार्यकर्ते गावातील घरोघर जाऊन मुलांना वाचावयास व साधी गणिते करावयास देतात. त्यामुळे शाळेच्या हजेरीपटाबाहेरील मुलांचाही विचार झाला. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालछळविषयक अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारण्यात आले. घरोघर झाकून ठेवलेले दुःख मुलांच्या तोंडूनच बाहेर येऊ शकत होते. तेव्हा विचारावे की नाही हा वाद नसून कसे विचारावे, हा आहे. शासनाने नेमून दिलेल्या अध्ययनचाचण्या ही बाब निराळी. तो आपल्या कामाचाच भाग होय. येथे विचार बाहेरून येणाऱ्या संशोधकांचा आहे.

अशा प्रसंगी तीन निरनिराळ्या गोष्टींची आपण गल्लत करतो. अधिकाऱ्यांनी किंवा मुख्याध्यापकांनी दिलेली ती परवानगी. तिने फक्त शाळेचे दार उघडते. पालक देतात ती संमती. आणि मूल स्वतः ‘हो’ म्हणते ती त्याची अनुमती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्यविषयक संशोधनासाठी पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची लेखी अनुमती घ्यावी असे सांगितले आहे. म्हणजे आपल्या दुसरीच्या वर्गातील मुलालाही विचारणे प्राप्त आहे.

या तिहींची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लस देण्याचा अभ्यासप्रकल्प सुरू झाला. खम्मममधील पुष्कळ मुली आदिवासी व वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबविण्यात आला आणि पुढे संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर अहवाल दिला. लशीच्या गुणदोषांशी आपल्याला येथे कर्तव्य नाही. ती लस आज जगभर वापरली जाते. आपल्या कामाची गोष्ट संमतिपत्रांची आहे. आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. त्या सह्या करणाऱ्यांच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. रजेचे अर्ज, सहलीची यादी, शिष्यवृत्तीचे कागद यांवर सह्या करण्याची सवय झालेला हात याही कागदावर चालला असावा. आश्रमशाळांत काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी हा आकडा ध्यानात ठेवावा. मूल आपल्या ताब्यात असणे निराळे आणि त्याच्या आईबापांच्या जागी बसून होकार देणे निराळे.

अंगठ्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. अंगठा उठविणाऱ्याची संमती कमी प्रतीची असते असे नव्हे; पण तो मजकूर त्याला मोठ्याने व त्याच्या बोलीत वाचून दाखविला गेला पाहिजे. काही संशोधक ‘हरकत असल्यास कळवावे’ अशी चिठ्ठी मुलांबरोबर घरी धाडतात आणि उत्तर न आल्यास संमती गृहीत धरतात. आपल्या गावांची स्थिती त्यांना ठाऊक नसते. दिवाळीनंतर निम्मे पालक ऊसतोडणीला गेलेले असतात, मूल आजीजवळ राहिलेले असते आणि ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेली असते. हे पाहणीदारास आपणच सांगावयास हवे.

पाहणीच्या वेळी शिक्षकाने वर्गाबाहेर जावे, उत्तरे गोळा करण्याचे काम हुशार मॉनिटरकडे सोपवू नये आणि भरलेले कागद चाळू नयेत. ज्यांना भाग घ्यावयाचा नाही त्यांना चित्रे काढावयास बसवावे. त्यांना उभे करून कारण विचारू नये. पेन किंवा खाऊ वाटावयाचा असेल तर तो सर्वांना वाटावा. एरव्ही पेनासाठी दिलेला होकार हा होकार नव्हे. मध्येच सोडून देण्याची मुभा आहे, हे आरंभीच, मुलांना कळेल अशा शब्दांत सांगावे.

‘कागदावर नाव लिहिलेले नाही, मग भीती कसली?’ असे पाहणीदार म्हणतात. शहरातील शाळेत ते खरे असेल. आपल्या सातवीत नऊ मुले असतात. वय, मुलगा की मुलगी, जात आणि बापाचा धंदा एवढे लिहिले की ते मूल कोण, हे पारावर बसलेला माणूसही सांगेल. यासाठी ज्या प्रश्नांची गरज नाही ते वगळावेत, निदान लहान शाळांचे आकडे वेगळे छापू नयेत, असा आग्रह आपण धरू शकतो. प्रश्नावली आधी वाचावयास मागण्यात संकोच कसला?

गुप्ततेला मात्र एक मर्यादा आहे आणि ती मुलांपासून लपविता कामा नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या १९ व्या कलमान्वये असा अपराध घडल्याचे ज्याला कळेल त्याने तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षेची तरतूद आहे. तेव्हा ‘तू काहीही लिही, कोणालाही कळणार नाही’ असे वचन कोणीच देऊ नये. त्याऐवजी ‘तुला कोणी इजा करीत असेल तर मदत मिळावी म्हणून आम्हांला ते सांगावे लागेल’ असे स्पष्ट सांगावे. एखादे मूल प्रश्नानंतर रडू लागले तर त्याच्याजवळ कोण बसेल, हेही पाहणीपूर्वीच ठरवावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक वर्गात लावलेला असावा.

त्या दिवशीच्या आमच्या कागदांचे पुढे काय झाले, हे मला कधीच कळले नाही. आता मी परवानगीपत्रातच एक ओळ घालण्यास सांगतो : निष्कर्षांची मराठी प्रत सहा महिन्यांत शाळेकडे पाठवावी. आतापर्यंत दोन आल्या. त्या पालकसभेत वाचून दाखविल्या, तेव्हा बायामाणसांनी पाहणीदारांनी विचारले नव्हते असे पुष्कळ काही सांगितले.