अपस्माराचा लांबलेला झटका : शिक्षकाचे कर्तव्य

अपस्मार, म्हणजेच लोकभाषेतील फेफरे अथवा मिरगी, हा मेंदूचा विकार होय. मेंदूच्या पेशींतून विजेचे संदेश अकस्मात अनिर्बंध वाहू लागले म्हणजे झटका येतो. ही भूतबाधा नव्हे, वेड नव्हे व स्पर्शाने जडणारा रोगही नव्हे.

बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात. म्हणून झटका येताच शिक्षकाने प्रथम घड्याळ पाहावे. भेदरलेल्या मनाला एक मिनिटही दहा मिनिटांसारखे वाटते. अंदाजावर विसंबू नये.

तत्काळ करावयाच्या गोष्टी :

१. मुलाभोवतीची बाके दूर सारावीत, डोक्याखाली मऊ घडी ठेवावी व गळ्याजवळची गुंडी सोडावी.

२. त्यास एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून श्वासमार्ग मोकळा राहतो.

३. हातपाय दाबून धरू नयेत. दातांत चमचा घालू नये. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये.

कांदा किंवा जोडा हुंगविण्याची रूढी निरर्थक आहे. झटका स्वतःच्या गतीने थांबतो आणि श्रेय कांद्यास मिळते, इतकेच.

मात्र ५ मिनिटे उलटूनही झटका थांबला नाही, तर तो आपोआप थांबण्याची आशा उणावते. मेंदूस शांत करणाऱ्या रसायनाची ग्रहणस्थाने पेशींच्या पृष्ठभागावरून घटत जातात. त्यामुळे उशिरा दिलेल्या औषधाचा गुणही कमी येतो. ३० मिनिटांपुढे मेंदूस कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणूनच २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत सर्वांगाच्या झटक्यासाठी उपचारारंभाची मर्यादा ५ मिनिटे ठरविली आहे.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिलाच झटका असेल, शुद्ध येण्यापूर्वी दुसरा झटका आला, इजा झाली किंवा श्वास नीट चालत नसेल, तर ५ मिनिटांचीही वाट पाहू नये. डॉक्टरांनी मिडाझोलाम औषधाचा नाकात मारावयाचा फवारा लिहून दिला असेल व पालकांनी तो शाळेत ठेवला असेल, तर लेखी सूचनेतील मात्रेनेच तो द्यावा आणि नंतर श्वासावर लक्ष ठेवावे.

अपस्मार असलेल्या मुलाची माहिती, पालकांचा दूरध्वनी व औषधाची सूचना वर्षारंभीच नोंदवून ठेवावी. झटका ओसरल्यावर मूल गुंगीत असते. त्यास विश्रांती द्यावी, एकटे सोडू नये. वर्गातील इतर मुलांना या विकाराचे खरे स्वरूप समजावून सांगावे. कारण झटका मिनिटांत सरतो. सोबत्यांनी केलेली हेटाळणी मात्र मुलास शाळेपासून कायमची दूर नेऊ शकते.