सोळाशे मीटर मारणारा कबड्डीत का दमतो?

हिंगोली जिल्ह्यात पहाटे कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. १६०० मीटरची आपली वेळ प्रत्येकाला तोंडपाठ, राज्य राखीव पोलीस दलाची तयारी करणारा ५ किलोमीटरची सांगतो. यातलीच कित्येक पोरं संध्याकाळी कबड्डी, खो-खो खेळतात. मग वडील विचारतात, ‘‘डॉक्टरसाहेब, हा सव्वापाच मिनिटांत सोळाशे मारतो, तरी दुसऱ्या हाफला याचा दम का तुटतो? रक्त तर कमी नाही ना?’’

रक्त कमी असू शकतं, ते पुढे सांगतोच. पण पहिलं कारण खेळात आहे. सोळाशे मीटर एका लयीत पळायचे असतात. कबड्डीची चढाई फार तर ३० सेकंदांची, पण त्यात झेप, वळण, हुलकावणी आणि पकडीत सापडलात तर जीव खाऊन रेटणं. मग जराशी उसंत, की पुन्हा तेच. खो-खोतही तसंच: पाठलाग, खांबाला वळसा, सूर, खो, आणि लगेच बसकण. अशा झटक्याला लागणारी स्नायूंमधली तयार ऊर्जा काही सेकंदांतच संपत येते. ती पुन्हा भरते उसंतीत, आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. म्हणून या खेळांत पोरगा किती पळतो याच्या इतकंच तो किती लवकर सावरतो हेही मोजायला हवं.

यासाठीच डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी यो-यो चाचणी रूढ केली. २०१७ साली भारतीय क्रिकेट संघातल्या नावाजलेल्या खेळाडूंना याच चाचणीने बाहेर बसवलं आणि तिचं नाव गावोगाव पोचलं. २० मीटरवर दोन खुणा. बीप वाजली की जायचं, पुढच्या बीपला परत यायचं, मग १० सेकंदांत ५ मीटर मागे चालत जाऊन यायचं. वेग वाढत जातो, दुसऱ्यांदा बीप चुकली की चाचणी संपली. तेव्हा गाजलेला १६.१ हा आकडा पातळीचा आहे. तिथवर खेळाडू एकूण ११२० मीटर धावलेला असतो. तो आकडा चौदा वर्षांच्या पोराला लावून संघातून काढू नका, ही क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. चाचणी सराव ठरवण्यासाठी असते. आजचा आकडा त्याच पोराच्या दीड-दोन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघा.

बीपची ध्वनिफीत नसेल तर स्टॉपवॉच पुरे. २० मीटर जाऊन-येऊन ४० मीटर, जीव तोडून. मग २० सेकंद थांबा. असं सहा वेळा, आणि दर वेळची नोंद वहीत. समजा सर्वांत चांगली वेळ ७.२ सेकंद आली. सहाही वेळा तीच राहिली असती तर बेरीज ४३.२ झाली असती, प्रत्यक्षात झाली ४६.८. म्हणजे ८ टक्क्यांच्या वर घसरण. सराव नीट चालला असेल तर ती हळूहळू कमी व्हायला हवी. पण पहिली धावच हात राखून काढली तर घसरण खोटी दिसते, तेव्हा पहिल्या वेळेवर नजर ठेवा. मैदानही तेच असू द्या. आपली काळी माती ओली असली की बुटाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. दोन्ही वेळा आकडा फसवतो, शिवाय वळताना घोटा आणि गुडघा जातो.

आता डॉक्टर म्हणून महत्त्वाचं. या चाचण्या शरीराला पार थकवेपर्यंत नेतात. पळताना छातीत दुखलेलं, चक्कर येऊन पडलेलं, विनाकारण धडधड होणारं पोर, किंवा ज्याच्या घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक गेलं आहे, अशांची आधी हृदयतपासणी आणि ईसीजी करून घ्या. अंगात ताप असताना, किंवा ताप उतरून आठवडाभरही झाला नसताना, चाचणी घेऊ नका. दमेकऱ्याने पंप जवळ ठेवावा. सिकलसेलच्या वाहकाला उन्हात, तहानलेला असताना असं पळवणं जिवावर बेतू शकतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा चाचणी सकाळी लवकरच उरका. जेवण दोन-तीन तास आधी.

खो-खो खेळणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन जरूर तपासा. लवकर धाप लागते, पाय भरून येतात, सराव करूनही आकडा हलत नाही, तेव्हा आळस म्हणून रागावण्याआधी रक्त बघा. बारा वर्षांवरच्या मुलीचं १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो ॲनिमिया. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. चहासोबत घेऊ नयेत.

आणि वजनगटाची कबड्डी. दोन किलो उतरवायला पोरं आदल्या दिवसापासून पाणी तोडतात, भर उन्हात स्वेटर घालून पळतात. असं सुकलेलं शरीर चाचणीत आणि सामन्यात दोन्हीकडे मागे पडतं, मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच. लघवी गडद पिवळी असेल तर त्या दिवशी चाचणी रद्द. चहासारखी काळपट झाली, किंवा पळल्यानंतर स्नायू दगडासारखे घट्ट होऊन दुखू लागले, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री जिल्हा रुग्णालय गाठा.