जाळ्याला हात घालण्याआधी

मोहर्ली म्हटले की लोकांना वाघ आठवतो. मला आठवते ते इरईचे पाणी. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी बांधलेल्या धरणाचा फुगवटा आमच्या गावापर्यंत येतो आणि त्याच्या कडेकडेने माझी वनपालाची नोकरी गेली. नवी वनरक्षक पोरे-पोरी अजून घरी येतात आणि वाघाचे, पाऊलखुणांचे, कॅमेरा ट्रॅपचे विचारतात. मासेमारीचे क्वचितच कुणी विचारते. पण गस्तीवर निघाल्यावर पहिल्या महिन्यात जप्त करायची वेळ येते ती बहुधा जाळे आणि पाटीभर मासे. म्हणून हे थोडे लिहून ठेवतो.

१. आपण कुठे उभे आहोत ते आधी ठरवा. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे आणि बफर २०१० चे. तिन्हींची हद्द वेगळी आणि आपले अधिकारही वेगळे. जमिनीवर हद्दीचे खांब असतात, पाण्यावर काहीच नसते. पावसाळ्यात धरण भरले की पाणी झाडोऱ्यात शिरते आणि उन्हाळ्यात तेच अर्धा-एक किलोमीटर मागे जाते. जूनमध्ये गाळात जाळे टाकणारा माणूस ऑक्टोबरात त्याच जागी डोंग्यात असतो. म्हणून जीपीएसचे वाचन घेतल्याशिवाय पंचनाम्याची पहिली ओळ लिहायची नाही, हा शिरस्ता मी शेवटपर्यंत पाळला. नुसते ‘पाणवठ्याजवळ’ लिहिलेल्या पंचनाम्यावर आरोपीचा वकील दोनच प्रश्न विचारतो आणि खटला तिथेच ढिला पडतो.

२. रोहू म्हणजे वाघ नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘प्राणी’ या व्याख्येत मासे येतात. पण आपल्या तळ्यातले रोहू, कतला, मरळ हे अनुसूचीत नाहीत, त्यामुळे शिकारीची कडक कलमे त्यांना लागत नाहीत. अभयारण्यातून कोणताही वन्यजीव परवान्याशिवाय काढून नेण्यास कलम २९ ने बंदी आहे आणि विनापरवाना प्रवेशासाठी कलम २७ आहे. गुन्हा तिथे बसतो. राष्ट्रीय उद्यानात कलम ३५ पाहायचे. सगळीच कलमे एकदम ठोकून दिली की केस भारी दिसते, पण न्यायालयात नेमकी हलकी पडते. मात्र जाळ्यात कासव अडकले असेल, तर हिशेब पालटतो. गोड्या पाण्यातली बहुतेक कासवे अनुसूचीत आहेत. ताडोबाच्या तलावात मगरी आहेत, त्यांचेही तेच. म्हणून पाटी वरवर बघू नका, तळापर्यंत उपसून बघा.

३. या कामात मला सर्वांत जड वाटलेली गोष्ट आता सांगतो.

कलम ५० ने वनरक्षकाच्या हातात केवढे बळ दिले आहे, ते त्याला स्वतःलाच उमगलेले नसते. वाजवी संशय असेल तर झडती घेता येते. मासे, जाळे, डोंगा, गाडी जप्त करता येते. माणूस न्यायालयात हजर राहील याची खात्री नसेल तर वॉरंटशिवाय अटकही करता येते. पोलिसांत हाच अधिकार उपनिरीक्षकाच्या खाली मिळत नाही. आपल्याकडे तो नुकत्याच भरती झालेल्या पोरालाही आहे.

हे बळ कुणावर चालते? आमच्या भागात बहुतेक वेळा ढिवर, भोई कुटुंबांवर. तंगूसचे चांगले जाळे हे त्या घराचे सगळे भांडवल असते आणि ते पुष्कळदा बचत गटाच्या कर्जातून आलेले असते. एकदा जप्तीनंतर एक बाई नाक्यावर आली आणि म्हणाली, “साहेब, मासे ठेवा जी, माणसाला ठेवा, पण जाळं द्या. हप्ता कोण भरन?” नवऱ्याऐवजी जाळे मागणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. जाळे मुद्देमाल होते, ते देणे माझ्या हातात नव्हते. न्यायालयात अर्ज कसा करायचा, कुणाकडे जायचे आणि सोबत कोणती कागदपत्रे न्यायची, एवढे मी तिला कागदावर लिहून दिले. तेव्हापासून प्रत्येक जप्तीत हा कागद देत आलो. हे आपल्या कामाचाच भाग आहे, असे मी मानतो.

याच कलम ५० ला एक परंतुक जोडलेले आहे, ते फार कमी जणांनी वाचलेले असते. अभयारण्य किंवा उद्यानापासून दहा किलोमीटरच्या आत राहणारा मच्छीमार व्यापारी मासेमारीसाठी न वापरलेल्या नावेतून चुकून त्या हद्दीत शिरला, तर त्याचे जाळे आणि मासेमारीची साधने जप्त करायची नाहीत. ही तरतूद सागरी हद्दीतल्या पाण्यापुरती आहे, इरईला ती लागू होत नाही. तरीही मी ती मुद्दाम वाचून दाखवतो. वाऱ्याने, लाटेने माणूस हद्द ओलांडतो आणि अशा वेळी त्याचे जाळे हिरावून घेणे बरोबर नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही दिसले होते. इरईवरही वारा सुटतो.

कलम ५३ पाठ असू द्या. त्रास देण्यासाठी, गरज नसताना कुणाची मालमत्ता जप्त केली, तर जप्त करणाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातही कलम ६२ ला हेच आहे. पावतीशिवाय उचललेले जाळे आणि ‘सोडून दिले’ म्हणून स्वयंपाकघरात गेलेली मरळ ही जप्ती होत नाही. ती चोरी आहे, आणि गणवेशातली चोरी अधिक वाईट.

४. मासा नासतो. सागवानाचा लठ्ठा वर्षभर डेपोत पडून राहतो, मासा उन्हाळ्यात दुपारपर्यंतही टिकत नाही. म्हणून जागेवरच पंचांसमोर जात, नग आणि वजन लिहा, फोटो काढा, लगेच वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना फोन करा आणि विल्हेवाटीचा आदेश लेखी घ्या. जिवंत असतील त्यांना पाण्यात सोडण्याचा आदेश आधी मागा. समुद्रावर १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली पकडलेल्या माशांचा लिलाव होतो आणि पैसा जमा होतो. अभयारण्यातला मासा बाजारात आणायचा नसतो.

आरोपीने तुमच्यासमोर दिलेल्या कबुलीवर विसंबू नका. पुरावा म्हणून चालणारा जबाब कलम ५० च्या पोटकलम ८ प्रमाणे सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. तुम्ही मुद्देमाल नीट सीलबंद केलात आणि माणूस व माल विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नेलात, तर तुमचे काम झाले.

५. विष, सुरुंग आणि करंट यांना दया नाही. कीटकनाशक ओतलेल्या डोहात मी बेडूक, खेकडे, साप आणि त्यांना खाणारे पक्षी एका ओळीत मेलेले पाहिले आहेत. त्याच पाण्यावर रात्री सांबर येते आणि सांबरामागे वाघ. विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात सोडलेला करंट मासा आणि माणूस ओळखत नाही. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यात स्फोटके किंवा विष वापरून मासे मारण्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. ती शिक्षा आज किरकोळ वाटते. पण अभयारण्यात रसायने आणि स्फोटकांना कलम ३२ ने बंदी आहे आणि त्याची शिक्षा कलम ५१ प्रमाणे होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अशी आहे. गळ टाकून बसलेला म्हातारा आणि डबा घेऊन आलेली टोळी यांना एकाच मापाने मोजणारा अधिकारी मला कधी पटला नाही.

६. जप्त केलेली गाडी लगेच सरकारची होत नाही. कलम ३९ वाचून अनेकांना तसे वाटते. मध्य प्रदेश सरकार विरुद्ध मधुकर राव या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गुन्ह्यात वापर झाल्याचे न्यायालयात ठरेपर्यंत वाहन अंतरिम सोडण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. त्यामुळे जप्त मोटारसायकलचे सुटे भाग गायब होणार नाहीत, डोंगा उन्हात तडकणार नाही, हे पाहणे आपल्याकडे आले.

७. पेंच विसरू नका. तोतलाडोहच्या जलाशयातली मासेमारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९७ च्या निकालात मध्य प्रदेशाच्या बाजूच्या ३०५ विस्थापित आदिवासी कुटुंबांचे परवाने अटींसह राहिले: फोटोचे ओळखपत्र, काठावर चूल पेटवायची नाही, रोज किती मासे निघाले त्याची नोंद. महाराष्ट्राच्या बाजूला मात्र वर्षानुवर्षे वनकर्मचारी आणि मासेमार समोरासमोर येत राहिले. त्यातून मी एवढे घेतले, की हक्काचा प्रश्न टेबलावर सुटला नाही तर तो पाण्यावर काठीने सोडवायची वेळ येते, आणि तिथे मार खातो तो खालचा वनरक्षक आणि खालचाच मासेमार.

आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न अधिकच जिवंत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयातले मासे हा सामूहिक हक्क आहे. गडचिरोलीत मेंढा (लेखा) आणि चंद्रपूर जिल्ह्यात पाचगाव यांनी सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले. तेव्हा बीटात रुजू झालात की पहिल्या आठवड्यात ग्रामसभेत जा. कुणाचा दावा मंजूर आहे, कुणाचा प्रलंबित, कोणत्या तलावाचा ठेका कोणत्या मत्स्य सहकारी संस्थेकडे आहे ते विचारा, आणि त्या कागदांच्या प्रती नाक्यावरच्या फाइलीत लावा. रात्री टॉर्चच्या उजेडात जाळे दिसेल तेव्हा हे विचारायला वेळ मिळत नाही.