जनुकांची वंशावळ

प्रस्तावना
दोन घरांचे आडनाव एक असले, तरी ती एकाच कुळातील असतीलच असे नाही. उलट, आडनावे निराळी असलेली दोन घरेही मूळची एकाच कुळातील निघू शकतात. नाते ठरते ते पुराव्याने. जनुकांच्या नोंदी ठेवणाऱ्या अभ्यासकांनाही हेच पाहावे लागते. या पाठात त्यांच्या कामाचा परिचय करून घेऊ.

मूळ पाठ
पेशीतील डीएनएच्या ज्या भागात सामान्यतः एखादे प्रथिन घडविण्याची माहिती असते, त्यास जनुक म्हणतात. मानवात प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. डीएनएची अक्षरे वाचली म्हणजे काम संपत नाही. जनुक कोठे सुरू होते, त्याचे कार्य कोणते आणि ते कोणत्या प्रयोगावरून कळले, हे नोंदवावे लागते.

१९१५ साली डोळे नसलेल्या किंवा अगदी लहान डोळ्यांच्या फळमाशीचे वर्णन प्रसिद्ध झाले. संबंधित जनुकास 'आयलेस' हे नाव मिळाले. उंदरांमध्ये लहान डोळ्यांचा असाच एक दोष 'स्मॉल आय' या नावाने ओळखला जाई. मानवात काही बालके परितारिकेवाचून किंवा अपुऱ्या परितारिकेसह जन्मतात. त्या विकारास 'अनिरिडिया' म्हणतात. तीन प्राणी, तीन नावे, तीन स्वतंत्र नोंदी!

उंदीर व मानव यांच्यातील दोष 'पॅक्स-सिक्स' या जनुकात असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत फळमाशीचे 'आयलेस' हेही त्याच कुळातील असल्याचे दिसून आले. केवळ साम्यावर हे संशोधक थांबले नाहीत. १९९५ मध्ये त्यांनी उंदराचे जनुक माशीच्या शरीरात भलत्याच ठिकाणी कार्यान्वित केले. तेथे डोळा उगवला. मात्र तो उंदराचा नव्हे, माशीचाच होता. माशी व उंदीर यांचे पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी विभक्त झाले, तरी जनुकाचे मूळ कार्य टिकून होते.

एका पूर्वज-जातीपासून दोन जाती वेगळ्या झाल्यावर दोघींकडे वारशाने आलेल्या जनुकांना 'ऑर्थोलॉग' म्हणतात. जनुकाची दुसरी प्रत तयार होऊन निर्माण झालेल्या जनुकांना 'पॅरालॉग' म्हणतात. वॉल्टर फिच यांनी १९७० मध्ये हा भेद स्पष्ट केला. तो महत्त्वाचा आहे, कारण दुसरी प्रत कालांतराने वेगळे काम पत्करू शकते. फळमाशीत 'आयलेस'चे जुळे जनुक असल्याचे १९९९ मध्ये उघड झाले. ही दोन्ही मानवी 'पॅक्स-सिक्स'ची ऑर्थोलॉग, परंतु परस्परांची पॅरालॉग आहेत. एकास एक अशी जोडी लावून नोंद मिटविली असती, तर ती अपुरी ठरली असती.

संगणक हजारो जनुकांची तुलना अल्पावधीत करतो. परंतु त्याचे उत्तर हे अनुमान असते. नोंद तपासणारा अभ्यासक मूळ शोधनिबंध वाचतो, पुरावा पारखतो आणि मगच कार्य नोंदवितो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'जीन ऑन्टॉलॉजी' या प्रकल्पात प्रत्येक नोंदीसोबत पुराव्याचा प्रकार लिहिलेला असतो. त्यामुळे प्रयोगाने सिद्ध झालेली माहिती आणि संगणकाचे अनुमान वेगळे ओळखता येते. हे बंधन नसेल, तर एक चुकीची नोंद दुसऱ्या जातीच्या नोंदीत उतरते, तेथून तिसरीत जाते आणि शेवटी अनेक ठिकाणी आढळते म्हणूनच खरी वाटू लागते. अशाच नोंदींच्या आधारे एखाद्या बालकाच्या विकाराचे कारण शोधले जाते. म्हणून 'हे कशावरून?' हा प्रश्न विज्ञानात उद्धटपणाचा नव्हे, जबाबदारीचा ठरतो.

शब्दार्थ
परितारिका – डोळ्यातील बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा
अनुमान – तर्काने काढलेला निष्कर्ष
कार्यान्वित करणे – काम करू लागेल असे करणे

स्वाध्याय
१. ऑर्थोलॉग व पॅरालॉग यांतील फरक उदाहरणासह सांगा.
२. १९९५ च्या प्रयोगातून काय सिद्ध झाले?
३. 'अनेक ठिकाणी आढळते म्हणून खरे' हा विचार धोक्याचा का आहे? तुमच्या अनुभवातील उदाहरण देऊन लिहा.